सगळं बाहेरचंच

टेंभेकर सरांची पाणी पिण्याची एक खास पद्धत होती. म्हणजे खरं तर न पिण्याची. खाडीकाठच्या कुठल्याही गावठाणात आमची टीम गेली, की बसायच्या आधी पाणी पुढे यायचं. सर पेला दोन्ही हातांनी घ्यायचे, मोठ्या आदराने ओठांना लावायचे, डोळे किंचित मिटायचे, गळ्याची घाटीसुद्धा एकदा वरखाली करून दाखवायचे आणि पेला खाली ठेवून म्हणायचे, "पाणी छान आहे हो तुमच्याकडचं." पेला आणला तसा काठोकाठ भरलेला असायचा. मग गाडीत बसले की सीटच्या मागून घरची बाटली काढून गटागटा प्यायचे. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांनी लोकांकडच्या पाण्याचा एक घोट घशाखाली उतरवलेला मी पाहिला नाही.

आता हाच माणूस आमच्या विभागाचा साथरोग अधिकारी होता. डॉक्टर अविनाश टेंभेकर. लोकांच्या पाण्यात काय आहे ते शोधायचा पगार घेणारा. मी त्यांच्या हाताखालची वैद्यकीय अधिकारी, मूळची कराडकडची, त्यामुळे मनातलं तोंडावर यायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडे मुख्य काम काविळीचं. नवी मुंबईतल्या दवाखान्यांतून, लॅबमधून काविळीच्या रुग्णांची नावं यायची. रक्तातून पसरणारी कावीळ वेगळी आणि पाण्यातून पसरणारी वेगळी. पाण्याची निघाली, की रुग्णाच्या घरी जायचं, कुठलं पाणी प्यायला, काय खाल्लं, शेजारी कोण आजारी आहे हे विचारायचं आणि विषाणू कुठून आला ते हुडकायचं. नळाची पाइप गटारातून गेली आहे का, टाकीला भेग आहे का, हे पाहायचं. हुडकलं तर दहा घरं वाचतात. साधं सरळ काम आहे. सरांनी ते आणखी सोपं करून ठेवलं होतं.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बसवून, चहा पाजून, आपली विद्या दिली होती. "सोर्स शोधायचा नसतो मॅडम, सोर्स ठरवायचा असतो." मला वाटलं विनोद करताहेत. मी हसलेही. ते हसले नाहीत.

आणि ठरायचा तो एकच. बाहेरचं. रुग्ण कोणीही असो, कुठलाही असो, सरांचा पहिला प्रश्न, "बाहेरचं काय खाल्लं?" पाणीपुरी, सरबत, उसाचा रस, गावची जत्रा, काही ना काही माणसाच्या पोटात सापडतंच. सापडलं की सरांचा चेहरा उजळायचा. बाहेरचं. म्हणजे आपल्या नळाचं नाही, आपल्या टाकीचं नाही, आपल्या हद्दीचं नाही. मंगळवारच्या मीटिंगला वर सांगायचं, सर्व रुग्ण बाहेरून संसर्ग घेऊन आलेले, स्थानिक स्रोत आढळला नाही. वरचे खूश, पाणीखातं खूश, सर तर काय, कायमचेच खूश.

एकदा एका सोसायटीत एकाच विंगमधली बरीच माणसं पिवळी पडली. त्या विंगच्या जमिनीखालच्या टाकीला लागूनच ड्रेनेजचं चेंबर. झाकण उघडलं तर वासाने मला तिथेच मळमळून आलं. सरांनी चेंबरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाकाला रुमाल लावून प्रत्येक घरात एकच विचारत गेले, अलीकडे लग्नाला गेला होता का? मे महिना होता. मे महिन्यात लग्नाला न गेलेला मराठी माणूस दाखवा मला. कोणी नाशिकला गेलेला, कोणी महाडला, कोणी इथेच कळंबोलीला. सरांनी मान डोलावली आणि निदान केलं, लग्नसराई. मी म्हटलं, सर, ही सगळी वेगवेगळी लग्नं आहेत. तर मला म्हणाले, केटरर सगळीकडे सारखेच असतात.

दुसऱ्या एका घरी आजोबा आजारी होते. अर्धांगामुळे कित्येक वर्षं खाटेवर. उंबरठा ओलांडला नव्हता बिचाऱ्यांनी. मला वाटलं, आता बघू सर कसे सुटतात. सरांनी क्षणभर विचार केला आणि भेटायला कोण येतं म्हणून विचारलं. सुनेने सांगितलं, गणपतीत पुण्याचे जावई येऊन गेले. झालं. जावई ठणठणीत होता, पुण्यात मजेत होता, पण आमच्या दफ्तरी आजोबांची कावीळ जावयाने आणली. आजोबांना ऐकू कमी यायचं हे त्या जावयाचं नशीब.

आणखी एक. 'साथ' हा शब्द त्यांना चालायचा नाही. साथ म्हणायचं नाही, तुरळक म्हणायचं. एका गल्लीत दर तिसऱ्या घरात माणूस झोपलेला असला तरी तुरळक. एवढं असून माणूस दिसायला मोठा छान. पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. म्हाताऱ्या बायकांना आई म्हणायचे, पोरांच्या गालाला हात लावायचे. गावठाणातले पुढारी तर त्यांच्यावर जीव टाकायचे, आणि का टाकणार नाहीत? शेतं सिडकोत गेल्यावर तिथल्या लोकांनी घरांवर घरं चढवून भाडेकरू ठेवलेले. साथीचा बोभाटा झाला की भाडेकरू पळतात. टेंभेकर साहेब आले की बोभाटा होत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. त्या प्रेमाची खूण म्हणून सरांच्या गाडीच्या डिकीत जिताडा यायचा. खाडीतला हा मासा म्हणजे या भागात साहेबाला द्यायचा मान. पेपरात गुंडाळलेला, शेपटी बाहेर आलेली. तेवढी एकच बाहेरची वस्तू सर आनंदाने खायचे.

ज्या गावठाणाची गोष्ट सांगायची आहे तिथे हिराबाय राहायची. साठीची आगरी बाई, नवरा गेलेला, दोन मुलं, दोन सुना. शेत गेलं तरी खाडी सुटली नव्हती. पहाटे बंदरावर जाऊन मासळी घ्यायची आणि सेक्टरच्या मार्केटात विकायची. तिच्या आळीत नळाची पाइप सरळ गटारातून गेलेली होती. पाणी दिवसातून दोन वेळा सुटायचं. मधल्या वेळात रिकामी पाइप जुन्या भेगांमधून गटारातलं आत ओढून घ्यायची. हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. गटाराच्या कडेला उभं राहिलं तरी पुरे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायला आम्ही परीक्षानळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं तर चांगलं. त्या आळीतल्या एकाही नळाचं पाणी पिवळं झालं नाही, माणसं मात्र व्हायला लागली होती. मी सरांना सांगितलं, पाइप बदलायला पाणीखात्याला कळवा. ते म्हणाले, स्थानिक रुग्ण सिद्ध झाला की कळवू. आणि स्थानिक रुग्ण सिद्ध कोण करणार? तेच.

हिराबायची थोरली सून प्रणाली आठव्या महिन्यात होती. हसरी पोर. तपासणीला यायची तेव्हा हातात मोबाइल आणि तोंडात चिंच. माहेर जासईचं, तिकडे कंटेनर यार्डाजवळ. डोहाळेजेवणासाठी चार दिवस जाऊन आली होती. आल्यावर थोड्या दिवसांनी ताप, ओकाऱ्या आणि मग डोळे पिवळे. पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ एरवी बऱ्याचदा आपोआप बरी होते. पण पोटुशी बाईला झाली तर यकृत बघता बघता हातचं जातं. तिला त्याच दिवशी हॉस्पिटलात न्यावं लागतं. हे वैद्यकाच्या पोरांना शिकवतात, सरही शिकलेच असणार.

त्या दिवशी मी पलीकडच्या आळीत रक्ताचे नमुने घेत होते. सर हिराबायच्या घरी गेले होते, जिताड्याचं आमंत्रण होतं म्हणून. पेल्याचा तो नेहमीचा कार्यक्रम झाला. मग हिराबायने सुनेला पुढे केलं, जरा बघा म्हणून. पिवळे डोळे आणि आठव्या महिन्याचं पोट. सरांनी काय विचारलं असेल? कुठे गेली होती. जासईला, माहेरी. सरांचा जीव भांड्यात पडला असणार. जासई उरण तालुक्यात, आमच्या हद्दीबाहेर. मग ते हिराबायला जे बोलले ते मला नंतर प्रणालीच्या नवऱ्याने शब्दन् शब्द सांगितलं. "हे बाहेरचं आहे, आई. इथलं काही नाही. कुणाला तरी दाखवून घ्या."

नीट ऐका हे वाक्य. आमच्या हॉस्पिटलात घेऊन या, असं ते म्हणाले नाहीत. आमच्याकडे आली असती तर ती आमच्या आकड्यात आली असती. म्हणून 'कुणाला तरी'. आणि बाहेरचं म्हणजे त्यांच्या लेखी हद्दीबाहेरचं. पण घरात सून मलूल पडलेली असताना मोठा साहेब खालच्या आवाजात म्हणतो, बाहेरचं आहे, कुणाला तरी दाखवून घ्या, तर मराठी घरात त्याचा अर्थ काय होतो? पोटुशी पोर तिन्हीसांजेला खाडीपुलावरून परत आली होती. हिराबायला आधीच शंका होती. आता तर डॉक्टरनेच शिक्कामोर्तब केलं. घरच्यांनी तिला भगताला दाखवलं. भगताने लिंबू उतरवलं, अंगारा दिला, दंडाला दोरा बांधला. दोनतीन दिवस त्यात गेले. हिराबायकडून निघाले त्याच दिवशी सर मला रस्त्यात भेटले होते, जिताडा फार ताजा होता म्हणाले. प्रणालीबद्दल चकार शब्द नाही.

हॉस्पिटलात आणली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. दंडाला दोरा तसाच होता. आधी पोटातलं बाळ गेलं, मग ती. तिच्या नवऱ्याला मी ओरडून विचारलं, इतका उशीर का केलात? तो बिचारा भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "मॅडम, सायेबच बोल्ले ना, भायेरचं हाय म्हनून." मला आधी कळेचना तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा मी तिथल्याच बाकावर बसले. त्याला मी नळाचं, पाइपचं सगळं सांगितलं. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. अशा वेळी कोण ऐकतं.

सरांच्या केबिनमध्ये जाऊन मी त्यांना त्यांचं वाक्य ऐकवलं आणि घरच्यांनी त्याचा काय अर्थ घेतला तेही. एवढं तर मान्य करायला हवं, की ते दचकले. चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता हा माणूस कोसळेल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. पण चष्मा परत चढला. "या लोकांचा भाषेचा प्रॉब्लेम आहे मॅडम. मी माझ्या अर्थाने बरोबरच बोललो होतो." मंगळवारच्या मीटिंगमध्ये प्रणालीचा विषय निघाला. मी आळीतल्या इतर रुग्णांचं, पाण्याच्या तपासणीचं सगळं मांडलं. सरांनी मऊ आवाजात सांगितलं, रुग्ण माहेरी गेली होती, संसर्ग तिथला. मी म्हटलं, सर, आळीतले बाकीचे कुठल्या माहेरी गेले होते? आणि ती चार दिवस माहेरी होती, बाकी सगळे दिवस इथलंच पाणी पीत होती. त्यावर ते हसून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "शेवटी माहेर म्हणजे बाहेरच ना." एकदोघे हसले. मेलेल्या पोरीवर यमक जुळवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पाइप गटारातच राहिली.

तिकडे गावठाणात त्याच निदानाने दुसरं काम केलं. दोष जासईचा ठरला. दहाव्याला प्रणालीची आई आली, तिला हिराबायने दारातूनच परत पाठवलं. तिन्हीसांजेला पोर खाडीवरून का धाडली म्हणून. मी दोनदा हिराबायच्या घरी गेले. तिने दार उघडलं नाही. आमच्या हॉस्पिटलात सून मेली, तर ती आमचं तोंड कशाला बघेल? टेंभेकर साहेबांवर मात्र तिचा राग नव्हता. त्यांनी तर वेळेवर सांगितलं होतं.

मग सर निवृत्त झाले. निरोप समारंभ गावकऱ्यांनीच हट्टाने त्यांच्या समाजमंदिरात ठेवला. शाल, श्रीफळ, हार, मोठा फ्लेक्स, त्यावर सरांचा हात जोडलेला फोटो. भाषणात सरांनी सांगितलं, आपल्या कारकिर्दीत या भागात पाण्याच्या काविळीचा एकही स्थानिक स्रोत आढळला नाही. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत बसून दात आवळत होते. पुढच्या बायकांमध्ये हिराबायची धाकटी सून बसली होती. तिचं पोट पदराखालूनही दिसत होतं. सातवा तरी असेल. घर तेच, नळ तोच.

भाषणं संपल्यावर लोक एकेक करून भेटायला लागले. हिराबाय पुढे आली. हातात पिशवी, पिशवीतून जिताड्याची शेपटी बाहेर आलेली. ती वाकून सरांच्या पाया पडली. म्हणाली, "सायेब, तुमी खरं सांगितलं व्हतं, भायेरचं हाय म्हनून. आमीच उशीर केला. भगत चांगला नाय गावला." सरांना ते ऐकू गेलं. त्याचा अर्थ त्यांना माझ्याकडून ठाऊक झालेला होता. एक वाक्य पुरलं असतं. मी चुकलो, आई. किंवा तेही नको, नुसतं, तसं नव्हतं. सरांनी पिशवी हातात घेतली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नशिबाचा भाग असतो, आई."

मी उठले. रांगेतून वाट काढत पुढे कशी गेले ते मला सांगता येणार नाही. इतकंच आठवतं, की मी हिराबायचा हात धरला होता आणि माझा आवाज सगळ्या समाजमंदिरात ऐकू गेला. हिराबाय, बाहेरचं काही नव्हतं. खाडीवरचं नव्हतं, जासईचं नव्हतं. तुमच्या दारातल्या नळाचं होतं. पाइप गटारातून जाते, तिला भेग आहे, प्रणाली तेच पाणी प्यायली, धाकटी आजही तेच पितेय. हे साहेबांना तेव्हाही ठाऊक होतं.

एक पुढारी माझ्यावर डोळे वटारून पुढे आला. सर मंद हसत होते. मॅडम जरा भावनिक आहेत, पाण्याचं तसं काही नाही, पाणी छान आहे, असं काहीतरी म्हणाले. टेबलावर सरांसाठी पाण्याचा पेला ठेवलेला होता, गावच्याच नळाचा. हिराबायने तो उचलून त्यांच्यापुढे धरला.

सरांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. ओठांना लावला, डोळे मिटले, घाटी वरखाली केली आणि पेला टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. हिराबायने खाली वाकून पेल्यात पाहिलं. मासळी घेताना कल्ला उघडून बघायची सवय असलेली बाई ती. पेला काठोकाठ होता.

"प्याले नाय, सायेब तुमी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. सरांच्या हातातून जिताड्याची पिशवी काढून घेतली, धाकट्या सुनेला हाताने उठवलं आणि दोघी निघून गेल्या. गळ्यातल्या हारासकट सर उभेच होते. नंतर त्यांनी मला फोन करून सुनावलं, की निवृत्तीच्या दिवशी त्यांचा अपमान करायची गरज नव्हती. त्या गर्भार पोरीबद्दल तेव्हाही चकार शब्द नाही. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर त्यांचा माझा संबंध नाही, आणि नको.

दुसऱ्या दिवशी हिराबाय आळीतल्या बायका घेऊन पाणीखात्याच्या ऑफिसात गेली. प्रत्येकीच्या हातात घरचा पेला, नळाच्या पाण्याने भरलेला. साहेबांनी आधी प्या, मग बोलू, एवढंच त्यांचं म्हणणं. पाणी कोणीच प्यायलं नाही. मग त्या आळीला टँकर लागला, आणि पावसाच्या आत गटारातली पाइप निघाली. नवी पाइप गटाराच्या बाजूने, वरून घेतली. धाकटीला मुलगी झाली, आई आणि लेक दोघी धडधाकट आहेत.

जिताडा मात्र निरोप समारंभाच्याच संध्याकाळी जासईला गेला होता. हिराबाय स्वतः घेऊन गेली, प्रणालीच्या आईच्या दारात. त्या माउलीने तो घेतला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.